दादाची तयार वाक्यं

ऑफिसातलं जुनं चॅट बंद करून नवीन आणायचं ठरलं, तेव्हाच धाकटीला कळून चुकलं होतं की हे काम आपल्या गळ्यात पडणार. ती तिथली सिस्टिम सांभाळायची. साहेबांच्या मते काम सोपं होतं, एक प्रोग्रॅम काढायचा आणि दुसरा टाकायचा. पण जुन्या चॅटमध्ये प्रत्येकानं आपापल्या सोयीच्या कमांडा बनवून ठेवल्या होत्या. तिरकी रेघ आणि पुढं एकदोन अक्षरं मारली की पडद्यावर आख्खं वाक्य उमटायचं. गोदामातल्या माणसाची 'गाडी दारात आली आहे, कुणीतरी खाली या' अशी एक होती. स्वागतकक्षातल्या बाईंच्या तर पन्नासेक असतील. नव्या चॅटला या सगळ्या वेगळ्या धाटणीनं लिहून हव्या होत्या. हातानं करत बसलं तर जन्म गेला असता, म्हणून धाकटीनं एक शेल स्क्रिप्ट लिहायला घेतली. जुनी फाइल वाचायची, प्रत्येक ओळ तोडायची, नव्या साच्यात बसवायची. ती लिहीत असताना लोक पाळीपाळीनं टेबलापाशी येऊन विचारून जात, "माझ्या आल्या का हो?"

संध्याकाळी बसमध्ये बसल्यावर तिच्या ध्यानात आलं की दादासुद्धा तेच जुनं चॅट वापरतो.

दादा म्हणजे तिचा थोरला भाऊ. तोही याच धंद्यातला. धाकटी यात आली तीच त्याच्या मागं लागून. सहा वर्षांपूर्वी त्याच्या मेंदूच्या देठाशी रक्ताची गाठ अडकली. डोकं शाबूत राहिलं, पण जीभ हलेना, पाय गेले, हात गेले. डाव्या हाताचं मधलं बोट तेवढं ऐकायचं. खुर्चीला फळी बसवून तिच्यावर मोठ्या बटणांचा कीबोर्ड ठेवला, आणि त्या एका बोटानं दादानं हळूहळू स्वतःसाठी कमांडा बनवल्या. तिरकी रेघ, प: 'पाणी दे.' तिरकी रेघ, पा: 'पाय सरळ कर.' तिरकी रेघ, पो: 'मला उचलण्याआधी विचारत जा, मी पोतं नाही.' वाक्य वहिनीच्या फोनवर जायचं. वहिनी घरात असली की फोन तिच्या एप्रनच्या खिशात असायचा. टिंग वाजलं की ती हातातलं काम तसंच ठेवून बघायची. अशा कमांडा वाढत वाढत चारशेच्या आसपास गेल्या होत्या.

धाकटीनं त्याच आठवड्यात त्याला सांगितलं, "दादा, ते चॅट महिनाअखेरीस कायमचं बंद होतंय. सगळ्यांसाठीच."

दादानं बोट चालवलं. पडद्यावर आलं, 'बघू. अजून वेळ आहे.' हेही तयारच होतं, दोन अक्षरांचं.

वेळ कसा जातो ते दोघांनाही ठाऊक होतं. ऑफिसातल्या कामानं धाकटीचं डोकं इतकं पिकलं की महिन्याचा शेवटचा शनिवार उजाडला तेव्हा कुठं ती ऑफिसची स्क्रिप्ट पेनड्राइव्हवर घेऊन दादाकडे गेली. वहिनीनं चहा केला. दादा खुर्चीत तयार बसला होता, दाढी केलेली, केस विंचरलेले, कुणी पाहुणे यायचे असल्यासारखा.

तिनं नवीन चॅट बसवलं, स्क्रिप्ट चालवली. पडद्यावरच्या काळ्या खिडकीत ओळी सरकत गेल्या आणि थांबल्या. दादानं पहिलीच कमांड मारली. स्वयंपाकघरात टिंग झालं.

"कुणाला?" वहिनी आतून म्हणाली.

"काय कुणाला?"

"इथं आलंय, 'ला सांग, मी जेवलोय.' कुणाला सांगू?"

दादानं दुसरी मारली. 'चा फोन आला होता का?' मग तिसरी. 'ला म्हणावं, इतक्या लांबून यायची गरज नाही.' दादाचे खांदे हलायला लागले. तो हसायचा तो असाच, आवाजाशिवाय.

धाकटी कपाळाला हात लावून बसली. चूक तिला लगेच कळली. दादाच्या वाक्यांत जिथं माणसाचं नाव यायचं तिथं जुन्या चॅटच्या रिवाजाप्रमाणे डॉलरचं चिन्ह आणि एक आकडा होता. कमांडेपुढं नाव लिहिलं की ते त्या जागी जाऊन बसायचं. पण तिची स्क्रिप्ट ओळ फाइलीत लिहिण्याआधी एकदा शेलला, म्हणजे कॉम्प्युटरच्या हुकूम वाचणाऱ्या भागाला, वाचून दाखवत होती, आणि शेलला वाटलं की ही डॉलरची जागा आपली. त्याच्याकडे तिथं घालायला काही नव्हतं. त्यानं ती रिकामी केली. दादाच्या सगळ्या वाक्यांतली माणसं पुसली गेली.

दादा एकेक अक्षर शोधत टाइप करू लागला. बराच वेळ लागला. 'एकेरी अवतरण. किती वेळा सांगितलं.'

"माहीत आहे, ओळ एकेरी अवतरणचिन्हांत घातली की शेल डॉलरला हात लावत नाही," धाकटी म्हणाली. "ऑफिसच्या लोकांच्या वाक्यांत नावं नसतात. तिथं चाललं, म्हणून माझ्या लक्षात नाही आलं."

ते तिनं तिथंच बसून सुधारलं. माणसं परत आली. पण दुसरी भानगड त्याहून वाईट निघाली. दादानं 'पा' मारलं आणि वहिनी पाण्याचा पेला घेऊन आली. त्यानं मान जराशी हलवली. पुन्हा मारलं. पुन्हा पाणी. नवं चॅट उतावळं होतं. तिरकी रेघ आणि प दिसला की पुढचं अक्षर यायच्या आतच ते 'पाणी दे' पाठवून मोकळं व्हायचं. पाय, पाठ, पोतं, पांघरूण, सगळ्यांचं पाणी होत होतं.

"कमांडांची नावं बदलू या," धाकटी म्हणाली. "पाण्याला 'पण' ठेवू. म्हणजे गोंधळ नको."

'नको.'

"अरे, आठदहा दिवसांत सवय होईल."

दादानं पुन्हा अक्षरं गोळा करायला सुरुवात केली. धाकटी वाट बघत राहिली. आठवडाभर ती दुसऱ्यांचीच कामं उरकत आली होती. शेवटी पडद्यावर आलं, 'बोटाला पाठ आहेत. डोक्याला नाही. तू बोट बदल.'

एरवी ती हसली असती. त्या दिवशी ते तिच्या डोक्यात गेलं.

"दादा, मी आठवडाभर हेच करतेय. तिथं साठ जण आणि इथं तू. तिथं निदान लोक ठीक आहे म्हणतात. मला आता नाही सुचत. खरंच नाही सुचत."

तिनं पेनड्राइव्ह उपसला आणि पर्स उचलली. दारापर्यंत वहिनी आली. "चहा तरी संपव," एवढंच म्हणाली. धाकटी जिन्यानं उतरली, लिफ्टची वाट बघायचंही तिच्या अंगात नव्हतं.

दोन दिवसांनी जुनं चॅट बंद पडलं. ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या वेळी, कुणाचंही काही अडलेलं न बघता.

तो आठवडा धाकटीचा कसा गेला ते तिचं तिला ठाऊक. ऑफिसातही तीच तक्रार निघाली. एकाची 'ग' मारली की गाडी यायची, 'गो' मारलं तरी गाडीच यायची. साहेब रोज सकाळी विचारायचे, "मॅडम, आज होईल ना?" आणि ती होईल म्हणायची. शुक्रवारी दुपारी, डबा पुढ्यात तसाच ठेवून, तिनं नव्या चॅटची माहितीपुस्तिका अथपासून वाचायला घेतली. जे पहिल्या दिवशी करायला हवं होतं ते. मधेच कुठंतरी दोन ओळींत लिहिलं होतं की फाइलीत अमुक एक शब्द घातला की चॅट स्पेस दाबेपर्यंत थांबतं. तेवढंच होतं. सगळ्या आठवड्याचं दुखणं त्या एका शब्दात होतं. तिला आनंद व्हायला हवा होता. तो झाला नाही. तिनं स्क्रिप्टमध्ये एक ओळ वाढवली आणि थंडगार डबा खाल्ला.

रविवारी ती निघाली तेव्हा नवरा म्हणाला, "आजसुद्धा?"

"अर्ध्या तासाचं काम आहे," ती म्हणाली. तिला स्वतःलाही ते पटलं नव्हतं.

वहिनीनं दार उघडलं. दादा आत आडवा झाला होता. "त्याला उठवते पाचदहा मिनिटांनी," वहिनी म्हणाली. "तू आधी आत ये. बस." तिनं स्वयंपाकघराचं दार लोटून घेतलं. गॅसवर गरम पाण्याचं पातेलं होतं आणि बाजूला घडी केलेलं फडकं.

"बोट सुजलंय त्याचं," वहिनी म्हणाली. "दिवसभर टाइप करतो ना. सकाळ-संध्याकाळ शेकतेय."

धाकटीला ओशाळल्यासारखं झालं. "सापडलंय मला. आज सगळं पूर्ववत होईल. एकही कमांड बदलायला लागणार नाही त्याला."

वहिनी पातेल्याकडे बघत उभी राहिली.

"काय झालं?"

"तू रागावशील."

"वहिनी, रागवायचंही त्राण नाही माझ्यात. बोल."

"सगळं नको आणूस," वहिनी म्हणाली.

धाकटीला आधी कळलंच नाही.

"म्हणजे पाणी, उशी, दुखतंय, ते आण. ते पाहिजेच. पण बाकीचं..." तिनं फडकं उलगडलं, पुन्हा घडी घातली. "सहा वर्षं मी तीच वाक्यं ऐकतेय गं. तीच. एका अक्षराचा फरक नाही. तो चिडला की कुठलं वाक्य येणार, मला माहीत. खूश झाला की कुठलं येणार, तेही माहीत. टिंग वाजलं की फोन न बघता सांगू शकते मी. या आठवड्यात काय झालं माहिती आहे? मंगळवारी फोनवर आलं, 'केस कापलेस.' प्रश्न नाही, काही नाही. नुसतं 'केस कापलेस.' मी कापून महिना झाला होता. त्याला दिसलं होतं तेव्हाच, पण त्याची कमांड नव्हती ना. कोण एवढी अक्षरं मारत बसणार? मग काल म्हणाला, समोरच्या गच्चीवरचा माणूस झाडांना पाणी घालत नाही, नुसता बघत उभा असतो. अर्धं शुद्धलेखन चुकलेलं. पण ते मी आधी ऐकलेलं नव्हतं."

"वहिनी, त्याचं बोट सुजलंय."

"मीच सांगितलं ना तुला." वहिनीचा आवाज चढला नाही, उलट खाली गेला. "म्हणून तर तोंड उघडवत नव्हतं. मी कसली बायको, असं वाटतं मला. पण तुला सांगते, आमचं भांडणसुद्धा होत नाही. मी बोलत सुटते, आणि मग टिंग. 'बरं. तुझंच खरं.' बख. दोन अक्षरं. संपलं भांडण. सहा वर्षं माझंच खरं आहे. भिंतीशी बोलावं तसं. मला एकदा तरी हरायचंय त्याच्याशी."

धाकटी स्टुलावर बसली. शनिवारी उपसलेला तो पेनड्राइव्ह तिच्या मुठीत होता. तिला वाटलं, आपण हे ऐकलंच नाही असं करावं, स्क्रिप्ट चालवावी आणि घरी जाऊन झोपावं. किंवा वहिनी म्हणते तशी निम्मी वाक्यं गुपचूप गाळावीत, आणि दादानं विचारलं तर चॅटवर ढकलून द्यावं. दोन्ही सोपं होतं.

"मी त्याला न सांगता काही गाळणार नाही," ती म्हणाली. "त्यानं एकेक अक्षर मारून केलीत ती."

"मग तूच सांग. मी सांगायला गेले तर काय उत्तर येईल, तुला माहीतच आहे."

दादाला खुर्चीत बसवलं. उचलण्याआधी दोघींनी विचारलं. त्याचं बोट खरंच लाल झालं होतं, पेराजवळ तुकतुकीत. त्यानं धाकटीकडे बघितलं आणि भुवई उडवली. म्हणजे, झालं का?

"झालं," ती म्हणाली. "चारशेच्या चारशे येतील. मागच्या शनिवारी मी जे बोलले, ते मनात ठेवू नकोस." मग तिनं दम घेतला. "पण आधी एक ऐक. वहिनीला तुझ्या वाक्यांचा कंटाळा आलाय."

सांगण्याची आणखी चांगली पद्धत असेल. तिला ती सुचली नाही. वहिनी दारात उभी होती, फडकं हातात धरून. धाकटीनं स्वयंपाकघरात ऐकलेलं जवळजवळ सगळं सांगितलं. केसांचं, गच्चीवरच्या माणसाचं, भांडणाचं. दादा पडद्याकडे बघत होता. त्याचा चेहरा तसाही फार हलत नसे, त्यामुळं त्यातून काही कळायला मार्ग नव्हता.

बऱ्याच वेळानं बोट उचललं गेलं. अक्षर, थांबणं, अक्षर. वहिनीच्या खिशात टिंग झालं. तिनं वाचलं आणि फोन धाकटीपुढं धरला.

'मला पण.'

मग पुढचं. 'सहा वर्ष तेच बोलतोय. गप्प बसाव वाटत.'

वहिनी खुर्चीच्या बाजूला जमिनीवर बसली. खाली रस्त्यावर कुणीतरी गाडी मागं घेत होतं, तिचं पीं पीं बराच वेळ चाललं.

'पण बोट दुखत,' दादानं लिहिलं.

"हो ना," वहिनी म्हणाली. "मग काय करायचं?"

'चालव. मग काढू.'

धाकटीनं स्क्रिप्ट चालवली. दादानं तिरकी रेघ, प आणि स्पेस मारली. पाणी. मग पा. पाय. मग पो, आणि वहिनी फोन न काढताच म्हणाली, "हो, पोतं नाहीस, कळलं." सगळं जागेवर होतं. धाकटीनं फाइल पडद्यावर मोठी करून उघडली, आणि तिघं एकेका ओळीशी थांबत खाली खाली जाऊ लागले. दादानं ओळीवर थांबून बोट दोनदा आपटलं की ती गाळायची, असं ठरलं.

अर्ध्या तासाचं काम दुपारभर चाललं. पाणी, उशी, गोळी, दुखतंय, गुदमरतंय, यांना कुणी हात लावला नाही. 'छान झालंय, अजून वाढ' दादानं स्वतःच गाळलं.

"म्हणजे छान होत नव्हतं?" वहिनीनं विचारलं.

'कधी कधी,' दादानं लिहिलं, आणि दोन अक्षरं कमी असती तर बरं, अशा नजरेनं बोटाकडे बघितलं.

'आज धावायला जमणार नाही' हे वाक्य तो व्यायाम करून घ्यायला येणाऱ्या बाईंना रोज पाठवायचा. ते तो गाळायला निघाला तेव्हा वहिनीनं त्याचा हात धरला. "ते असू दे. त्या बिचाऱ्या रोज हसतात." 'पोतं' गाळू या असं वहिनी म्हणाली, तर दादानं मान तसूभर हलवली. नाही म्हणजे नाही. त्यावरून थोडी हुज्जत झाली. पोतं राहिलं.

'बख'वर ते आले तेव्हा धाकटी पडद्याकडे बघत राहिली, मुद्दाम दोघांकडेही बघितलं नाही. बोट दोनदा आपटल्याचा आवाज आला. तिनं ओळ पुसली.

संध्याकाळी फाइलीत दीडेकशे वाक्यं उरली. गाळलेली धाकटीनं वेगळ्या फाइलीत ठेवली, कधी लागलीच तर. तिची पाठ धरली होती आणि डोळ्यांची आग होत होती. निघताना दादानं तिला थांबवलं आणि अक्षरं मारली. 'ऑफिसच झाल का.'

"शुक्रवारीच झालं. साहेब म्हणाले, एवढ्या एका शब्दासाठी आठवडा?"

दादाचे खांदे हलले.

पुढच्या बुधवारी दुपारी ऑफिसात वहिनीचा फोन आला. तिचा आवाज ओढलेला होता. "आमचं भांडण झालं," ती म्हणाली. "सकाळपासून चाललंय. माझ्या भावाकडच्या कार्यक्रमाला मी एकटीनं जावं असं तो म्हणतो, मी नाही म्हणते. एक वाक्य यायला त्याला दहा मिनिटं लागतात. तोवर मी माझा मुद्दाच विसरते. मला त्यानं हट्टी म्हटलं, तेही चुकीचं लिहून. मी दमलेय गं."

"मग पुन्हा घालू का ती कमांड?"

"नको," वहिनी म्हणाली. "अजून संपलं नाहीये," आणि तिनं फोन ठेवला.

शेवटी वहिनी एकटी गेली की नाही, ते धाकटीनं विचारलं नाही. तीनएक आठवड्यांनी दादानं वेगळ्या फाइलीतली वीसपंचवीस वाक्यं परत मागितली. हवापाण्याची, फोनवरच्या लोकांसाठीची, ज्यांच्यात कुणाचा जीव गुंतलेला नव्हता अशी. बोटाला तेवढा तरी आराम हवा होता. फोनवरूनच धाकटीनं वहिनीला सांगत सांगत ती घातली. स्क्रिप्ट आता बिनबोभाट चालत होती.

त्यानंतरच्या रविवारी ती सहज गेली, काही काम नसताना. दार नुसतं लोटलेलं होतं. दादा खुर्चीत मान एका बाजूला टाकून झोपला होता. वहिनी कोचावर झोपली होती, चष्म्यासकट, फोन पोटावर उपडा. पडद्यावर दादाचं अर्धवट वाक्य होतं, कर्सर लुकलुकत होता. धाकटीनं ते वाचलं नाही. तिनं चपला काढल्या, वहिनीचा चष्मा अलगद काढून टेबलावर ठेवला आणि समोरच्या आरामखुर्चीत टेकली. जरा वेळ बसावं आणि मग चहा टाकावा, असं तिच्या मनात होतं. पण टेकल्या टेकल्या तिचाही डोळा लागला.